आप्पांचा घाट आणि माझं विमान

दोस्तांनो, भरलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून तुम्ही कधी घाट चढलाय का? मी चढलेय. एकदा नव्हे, पंचवीस-तीस वेळा तरी. माझे आप्पा ट्रक चालवायचे. लासलगावहून कांदा भरायचा, कसारा घाट उतरून मुंबईला टाकायचा आणि येताना मिळेल तो माल घेऊन तोच घाट चढायचा. कधी लोखंड, कधी खताची पोती. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई कंटाळून म्हणायची, "न्या हो हिला, घरात नुसती धिंगाणा घालते." मग मी क्लीनरच्या शेजारी, इंजिनाच्या गरम झाकणावर गोधडी टाकून बसायची.

उतरताना गंमत नसायची. गंमत चढताना. आप्पांचा उजवा पाय रेसवर, डावा हात गिअरवर आणि डोळे अर्धे रस्त्यावर, अर्धे एका छोट्याशा गोल घड्याळावर. त्यातला काटा इंजिन किती तापलंय ते सांगायचा. काटा वर सरकायला लागला की आप्पा पाय उचलायचे, खालचा गिअर टाकायचे. तरीही सरकला, तर ट्रक कडेला. क्लीनर मागच्या चाकाला दगड लावायचा आणि आम्ही सगळे खाली उतरून वाट बघायचो. आप्पांचं एक वाक्य मला पाठ होतं. "पोरी, घाटात पाय तळाला टेकवायचा नाही. इंजिनाला जीव असतो."

हे मी इतकं सविस्तर सांगतेय, कारण पुढे याच वाक्यामुळे मी विमानात भलतीच चूक केली.

१९९६ साली, बारावीनंतर, मी देशावरच्या एका फ्लाइंग क्लबात दाखल झाले. ट्रक ड्रायव्हरच्या मुलीला विमान शिकायचं खूळ कुठून आलं, पैसे कसे जमले, काका-मामा काय काय बोलले, ती वेगळी कथा आहे. पुन्हा कधीतरी. एवढंच सांगते की विमानाच्या प्रत्येक तासाचे पैसे मोजावे लागत आणि आप्पा त्या वर्षी रात्रीच्याही खेपा करू लागले होते. आमच्या घरात "एक तास" हा शब्द सगळे जपून उच्चारायचे.

आमचं विमान होतं सेसना १५२. दोन माणसांचं. पंख वर, छपरासारखे. पुढे एक पंखा, म्हणजे प्रोपेलर. पूर्ण भरलं तरी वजन साडेसातशे किलोच्या जेमतेम वर. आप्पांच्या ट्रकमध्ये अशी दहा-बारा विमानं मावली असती, वजनानं बरं का, आकारानं नव्हे! आप्पा त्याला 'इमान' म्हणायचे. "काय म्हणतंय तुझं इमान?" असं पत्रात असायचं.

ट्रकला जिथे रेसचं पेडल असतं, तिथे विमानात समोरच्या फळीवर एक काळी मूठ असते. तिला थ्रॉटल म्हणतात. मूठ आत ढकलली की ताकद वाढते, बाहेर ओढली की कमी होते. शेजारी एक लाल मूठ असते, ती हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते ठरवते. पायाखाली दोन पेडलं. बस्स. गिअर नाही, क्लच नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, हे तर ट्रकपेक्षा सोपं दिसतंय!

तिसऱ्या-चौथ्या उड्डाणाची गोष्ट. सर उजवीकडे, मी डावीकडे. सरांनी पहिल्यांदाच टेक-ऑफ माझ्या हातात दिला होता. थ्रॉटल पूर्ण आत. विमान थरथरत पळू लागलं, नाक डावीकडे ओढायला लागलं. पंखा जोरात फिरत असला की हे विमान डावीकडे वळू बघतं, म्हणून चढताना उजवं पेडल दाबून धरावं लागतं. मी दाबलं. विमान उचललं गेलं. काय तो आवाज! दोन माणसांच्या त्या डबीत इंजिन अक्षरशः मांडीवर बसून ओरडत असतं. खाली बाभळी लहान होत गेल्या. सगळं छान चाललं होतं. आणि मला इंजिनाची दया आली. किती ओरडतंय बिचारं! चढ तर आहेच, घाटच आहे हा. आप्पांनी काय सांगितलंय? मी हळूच थ्रॉटल बोटभर बाहेर ओढला.

त्याच क्षणी सरांचा पंजा माझ्या हातावर आला आणि मूठ परत आत गेली. खाड्कन. सर काहीच बोलले नाहीत. हजार फूट चढेपर्यंत त्यांनी पंजा काढला नाही.

मग विचारलं, "हे कुणी शिकवलं?"

"आप्पांनी."

"आप्पा कुठं उडवतात?"

"कसारा घाटात, सर."

सर इतके हसले की विमान माझ्याच हातात राहिलं. पण खाली उतरल्यावर ते हसले नाहीत. आधी त्यांनी मला इंजिनापाशी नेलं. मेकॅनिककाकांनी वरचं झाकण काढलं. आत चार सिलिंडर, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, समोरासमोर झोपलेले. प्रत्येकावर पातळ पातळ पत्र्यांच्या चकत्या, बुलेट मोटारसायकलच्या इंजिनावर असतात तशा.

"रेडिएटर कुठाय?" सरांनी विचारलं.

मी शोधला. नव्हताच! या इंजिनात थंड करायला पाणी नसतं. पुढून, पंख्याच्या दोन्ही बाजूंच्या भोकांतून वारा आत शिरतो, चकत्यांमधून खाली जातो आणि उष्णता घेऊन बाहेर पडतो. थोडी उष्णता तेल घेऊन जातं. म्हणजे या इंजिनाचा रेडिएटर कोण? तर विमानाचा वेग.

मग सर म्हणाले, "आता हिशेब कर. हे इंजिन आहे पावणेचार लिटरहून किंचित मोठं. मारुती ८०० चं इंजिन एक लिटरचंसुद्धा नाही. म्हणजे आपलं जवळजवळ पाचपट. मग ताकद पाचपट हवी ना?"

ती नसते. मारुती ८०० ची ताकद होती सदतीसेक अश्वशक्ती. आमच्या इंजिनाची एकशे दहा. पाचपट आकार आणि तिप्पट ताकद! आणि तीही मिनिटाला जास्तीत जास्त २५५० फेऱ्यांवर, म्हणजे मोटारीच्या मानानं अगदी रमतगमत. विमानाचं इंजिन आळशी नसतं, ते मुद्दाम मोठं आणि निवांत बनवतात, म्हणजे पूर्ण ताकदीवर ते बराच वेळ दमत नाही. अशा इंजिनाला मान्यता मिळण्याआधी त्याला दीडशे तासांची परीक्षा द्यावी लागते आणि त्यातले कितीतरी तास पूर्ण ताकदीचे असतात. तुमच्या वार्षिक परीक्षेपेक्षा लांब आहे की नाही?

"पण सर, थोडं कमी केलं तर त्याला बरंच वाटेल ना?"

आता सर फळ्यापाशी गेले. दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या आणि दोन्ही मला उलट्या वाटल्या.

पहिली अशी. अनेक छोट्या इंजिनांच्या कार्ब्युरेटरमध्ये अशी सोय असते की थ्रॉटल अगदी पूर्ण उघडला की थोडं जास्तीचं पेट्रोल आत सोडलं जातं. ते जळण्यासाठी नसतंच मुळी! ते सिलिंडर थंड ठेवायला असतं. तुम्ही दया येऊन थ्रॉटल बोटभर मागे घेतला की ताकद कमी होते थोडीशीच, पण ते जास्तीचं पेट्रोल मात्र बंद होऊ शकतं. म्हणजे इंजिनाला सावलीत बसवायला गेलात आणि त्याच्या हातातला पाण्याचा तांब्या काढून घेतलात.

दुसरी गोष्ट उंचीची. "समज, दोनशे फुटांवर इंजिन बंद पडलं," सर म्हणाले. "काय करशील?"

"मागे वळून धावपट्टीवर उतरीन."

"उतरणार नाहीस. मरशील." सर असंच बोलायचे. वळायला उंची लागते आणि दोनशे फुटांत ती नसते. तेव्हा एकच मार्ग: नाक खाली घ्यायचं, वेग साठ नॉट ठेवायचा आणि समोर जे शेत दिसेल तिथे टेकायचं. पण हजार फुटांवर असाल, तर हे विमान इंजिनाशिवायही अडीच-पावणेतीन किलोमीटर तरंगत जाऊ शकतं. शेत निवडायला वेळ मिळतो. म्हणजे उंची ही पोस्टातली शिल्लक आहे. ती जितकी लवकर साठेल तितकं बरं, आणि साठवायला लागते ताकद. जमिनीजवळ ताकद कमी करणं म्हणजे आधीच कमी असलेली शिल्लक हळूहळू भरणं.

मी त्या रात्री आप्पांना पत्र लिहिलं. "आप्पा, विमानात घाट चढताना पाय तळाला टेकवतात." उत्तर आलं आठ दिवसांनी. "सर म्हणतील तसं कर. पण काटा बघत जा."

आता थोडं गिअरबद्दल. हे मला फार उशिरा कळलं, म्हणून तुम्हाला आधीच सांगते. आमच्या विमानाचा पंखा एकसंध, त्याच्या पात्यांचा कोन कायमचा ठरलेला. म्हणजे जणू एकाच गिअरमध्ये वेल्डिंग करून टाकलेला ट्रक! जमिनीवर उभं राहून थ्रॉटल पूर्ण उघडला तर इंजिन २३०० च्या आसपासच फेऱ्या घेतं, २५५० पर्यंत पोचतच नाही. कारण विमान हळू असताना पंख्याला हवा फार जड लागते. चढताना वेग कमी, म्हणून तेव्हाही फेऱ्या कमीच. मात्र सरळ उडायला लागलं, वेग वाढला की पंखा हलका होतो आणि फेऱ्या लाल रेघेकडे पळू लागतात. तेव्हा थ्रॉटल मागे घ्यावाच लागतो. म्हणजे बघा, चढावर पूर्ण, सपाटीवर कमी. सायकलवाल्यांना यात काय नवल, म्हणाल तुम्ही!

मोठ्या, महाग विमानांमध्ये पात्यांचा कोन बदलता येतो. त्याला आणखी एक निळी मूठ असते. पुढे मी तीही विमानं उडवली. तिथे चढताना थ्रॉटल थोडा मागे घेण्याची पद्धत काही विमानांच्या पुस्तकात दिलेली असते, आणि क्रम चुकवून चालत नाही. ताकद कमी करताना आधी थ्रॉटल, मग पंखा. वाढवताना आधी पंखा, मग थ्रॉटल. का? कारण उलटं केलं तर पंखा हळू आणि दाब जास्त, म्हणजे भरलेला ट्रक चौथ्या गिअरमध्ये घाटात रखडवणं. हे आप्पांना एका वाक्यात कळलं होतं. मला आठवडा लागला.

बरं, आता तो दिवस. १९९७ चा एप्रिल.

मला एकटीनं लांबच्या फेरीवर जायचं होतं. क्लबावरून निघायचं, सातमाळ्याची रांग ओलांडायची, पलीकडच्या एका गावावरून वळसा घालून परत यायचं. मध्ये कुठे उतरायचं नाही. सातमाळ्यातले उंच डोंगर साडेचार हजार फुटांच्या वर जातात, म्हणून मला साडेसहा हजार फुटांवरून जायचं होतं. निघायचं होतं सकाळी सातला. पण आधीचं विमान उशिरा आलं, मग पेट्रोल भरायला उशीर, मग आणखी काही. मी निघाले तेव्हा पावणेअकरा झाले होते. तापमान अडतीस अंश.

दोस्तांनो, इथे एक छोटं गणित करू या. गरम हवा विरळ असते. विमानाला ती विरळ हवा उंचावरच्या हवेसारखीच वाटते. आमची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण हजार फुटांवर होती. तिथे 'नेहमीचं' मानलेलं तापमान तेरा अंश. प्रत्येक जास्तीच्या अंशाला एकशेवीस फूट धरायचे. अडतीस उणे तेरा, पंचवीस. पंचवीस गुणिले एकशेवीस, तीन हजार. म्हणजे माझं विमान जमिनीवर उभं होतं खरं, पण त्याच्या मते ते चार हजार फुटांवर होतं! आणि दर हजार फुटाला अशा इंजिनाची ताकद साधारण तीन टक्क्यांनी घटते. म्हणजे एकशे दहा घोड्यांपैकी बारा-तेरा घोडे उड्डाणाआधीच रजेवर. उरलेले सत्त्याण्णव. पंख्याला पकडायला हवा कमी, पंखांना पेलायला हवा कमी, हे आणखी वेगळंच.

मी निघाले. थ्रॉटल पूर्ण आत. वेग सदुसष्ट नॉट, म्हणजे ताशी सव्वाशे किलोमीटरच्या जरा आत. या वेगाला आमचं विमान सर्वांत भराभर चढतं, असं पुस्तकात होतं आणि मी पुस्तकातला आकडा धरून बसले. डोंगर येण्याआधी उंची हवी होती ना! खालून गरम हवेचे धक्के येत होते. दोन हजार. तीन हजार. तीन हजारांच्या वर गेल्यावर लाल मूठ थोडी ओढायची असते. हवा विरळ होते, पण पेट्रोल त्या मानानं कमी होत नाही. मग चुलीत लाकडं फार आणि वारा कमी, असं होतं. मूठ ओढली की फेऱ्या जरा वाढतात. मी ओढली. फेऱ्या वाढल्या. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

चार हजारांवर मी तेलाच्या तापमानाकडे पाहिलं. खरं तर आधीच बघायला हवं होतं. काटा हिरव्या पट्ट्याच्या अगदी टोकाला होता. पलीकडे लाल रेघ.

समोर सातमाळ्याची रांग. भिंतीसारखी.

भीती वाटली की माणूस सगळ्यात जुनं शिकलेलं आठवतो. माझ्या कानात आप्पा बोलले. पाय उचल. माझा हात काळ्या मुठीवर गेलासुद्धा. आणि मग दुसरा हात आठवला, त्याच मुठीवरचा, सरांचा पंजा. थ्रॉटल ओढला तर विमान चढायचं थांबेल आणि मी डोंगराकडे चाललेली. नाही ओढला तर काटा लाल रेघेवर.

ट्रक कडेला घेता येतो. आकाशाला कड नसते.

किती वेळ गेला असेल? कदाचित दहा सेकंद. मला आठवतंय ते एवढंच की मी मोठ्यानं म्हणाले, "रेडिएटर कुठाय?" विमानात एकटीच होते, त्यामुळे कुणी हसलं नाही. रेडिएटर म्हणजे वेग. वेग हवा असेल तर नाक खाली. पण नाक खाली घेतलं की चढ कमी होतो आणि समोर डोंगर आहे. मग डोंगर समोर नको!

मी डावीकडे वळले. सरळ पाठ फिरवली सातमाळ्याला. खाली सपाट शेतं आली. लाल मूठ पुन्हा आत ढकलली, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त. थ्रॉटल होता तिथेच, पूर्ण आत. नाक खाली घेतलं. सत्तर, पंचाहत्तर, ऐंशी नॉट. आता सदुसष्ट आणि ऐंशी यांत तेराचाच फरक, तेवढ्यानं काय होणार, असं वाटेल. पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वही काढा आणि दोन्ही आकड्यांचा वर्ग करून बघा. ४४८९ आणि ६४००. दाब चाळीस टक्क्यांच्या वर वाढला! इंजिनावर तेवढा जास्त वारा.

काटा मात्र हलेना. तेल सावकाश तापतं आणि सावकाशच निवतं. मी वेळ बघत होते. एक मिनिट. दोन मिनिटं. मला आप्पांचा क्लीनर आठवला, घाटात चाकाला दगड लावून निवांत बिडी ओढणारा. तिसऱ्या मिनिटाला काटा हलल्यासारखा वाटला. पाचव्या मिनिटाला तो हिरव्याच्या आत होता, चांगला बोटाच्या पेराएवढा.

मग मी सपाटीवरच एक मोठा वळसा घालत, ऐंशीच्या वेगानं, हळूहळू साडेसहा हजार फूट गाठले. आणि वळून सातमाळा ओलांडला. वरून डोंगर इतके सुंदर दिसत होते की मी गाणं म्हटलं. गाव सापडलं, वळसा घातला, परत आले. नीट उतरले. ठरल्या वेळेपेक्षा अकरा मिनिटं उशीर.

सर धावपट्टीच्या कडेला उभे होते. "कुठे अडकलीस?"

मी सगळं सांगितलं. जरा तिखटमीठ लावूनच सांगितलं. मला वाटत होतं आता पाठ थोपटतील. सर शांतपणे ऐकत होते.

"नाक खाली घेतलंस, बरोबर. मागे वळलीस, तेही बरोबर. थ्रॉटल सोडला नाहीस, उत्तम." मग थांबून म्हणाले, "आणि परत का नाही आलीस?"

मला उत्तर सुचेना. "काटा हिरव्यात आला होता, सर."

"काटा का चढला होता?"

"ऊन... आणि मी हळू चढत होते."

"हे तुला माहीत होतं, की तुझा अंदाज होता?"

मी गप्प. खरं सांगायचं तर मी एक तास वाया जाऊ नये म्हणून पुढे गेले होते. आप्पांची एक रात्रीची खेप. हे सरांना सांगायची लाज वाटली. अजूनही कधी कधी वाटतं, सांगायला हवं होतं.

संध्याकाळी मेकॅनिककाकांनी इंजिनाचं झाकण काढलं. सिलिंडरांच्या भोवती पत्र्याचे आडोसे असतात आणि त्यांच्या कडेला रबराची पट्टी असते, पुढून आलेला वारा इकडे तिकडे पळू नये, चकत्यांमधूनच जावा म्हणून. एका बाजूची पट्टी उलटी दुमडली गेली होती. हातभर लांब. तिथून वारा फुकट निसटत होता. म्हणजे उन्हाचा दोष होता, माझ्या सदुसष्ट नॉटच्या हट्टाचा दोष होता आणि या पट्टीचाही होता. उड्डाणाआधी समोरच्या भोकांतून डोकावून बघायचं असतं. मी डोकावले होते. पण डोकावणं आणि बघणं यांत फरक असतो. मला चिमणीचं घरटं नाही ना, एवढंच बघायचं माहीत होतं.

पुढच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आप्पांना सांगितलं. मला वाटलं, आप्पा तरी म्हणतील, शाब्बास. आप्पा चहा बशीत ओतत होते. म्हणाले, "रेडिएटर तापला, पाणी ओतलं, निवला. पण पाणी गेलं कुठं, ते बघायचं का नाही? तसाच ट्रक मुंबईपर्यंत दामटायचा?"

म्हणजे सर आणि आप्पा एकाच बाजूला! आयुष्यात एकमेकांना कधी न भेटलेली ही दोन माणसं. मी चिडून उठून गेले. आईनं नंतर सांगितलं, त्या रात्री आप्पांना झोप लागली नव्हती.

त्यानंतर माझं शिक्षण पूर्ण झालं, मी पुढे स्वतःच शिकवू लागले. आज माझ्याशेजारी बसणारी मुलंमुली चढताना थ्रॉटलकडे हात नेतात तेव्हा मला हसू येतं. बहुतेकांना दयाच येत असते इंजिनाची. मी पंजा ठेवते आणि खाली आल्यावर आधी विचारते, "रेडिएटर कुठाय?" आणि हो, त्यांना रबराची पट्टी हात लावून दाखवते.

आप्पा बरीच वर्षं विमानात बसले नाहीत. "मला काय करायचंय तिथं," म्हणायचे. २००९ च्या डिसेंबरात मात्र स्वतःहून म्हणाले, "एकदा दाखव बरं तुझं इमान." ट्रक विकून तेव्हा पाच वर्षं झाली होती. त्यांनी नवीन धोतर नेसलं, टोपी घातली. त्यांना मी उजवीकडे बसवलं. थंडीची सकाळ होती, हवा दाट, सगळे घोडे कामावर हजर. थ्रॉटल पूर्ण आत गेला तेव्हा आप्पांचा उजवा पाय आपोआप उचलला गेला. मी पाहिलं, पण बोलले नाही. जमीन सुटली. हजार फूट झाले. दोन हजार झाले. मी त्यांना दूरवर त्यांचा मुंबईचा रस्ता दाखवत होते, ती बारीक रेघ, तिच्यावरचे मुंगीएवढे ट्रक.

आप्पा रस्त्याकडे बघतच नव्हते. ते समोरच्या फळीवर वाकून काहीतरी शोधत होते. मग त्यांना ते छोटं घड्याळ सापडलं. काटा हिरव्याच्या मधोमध होता. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला.

"जरा नाक खाली घे गं," आप्पा म्हणाले.